रेघेखालचं जग

सर गेल्याचा फोन मी उचललाच नाही. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, केला होता, पण मी गॅसवर दूध ठेवून मागच्या अंगणात गेले होते आणि तो वाजून वाजून थांबला. मला कळलं ते भाजीवाल्या कुसुमकडून. ती रोज सकाळी बसस्टँडच्या चौकातून गाडी ढकलत आमच्या गल्लीत येते. फाटकाशी थांबली, मेथीची जुडी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "बाई, फळ्यावर कालचीच तारीख हाय. सर बरे हायेत ना?" स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ज्या माणसानं फेटा बांधायच्या आधी जाऊन फळ्यावरची तारीख बदलली होती, त्याच्या फळ्यावर कालची तारीख राहील कशी? मेथी पायरीवर ठेवली आणि चपला घालून निघाले. दूध उतू गेलं असणार, त्याची आठवण मला संध्याकाळी झाली.

या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले. लिहायला बसले आणि उठले, असं कितीदा झालं. कारण सरांबद्दल लिहायचं तर इद्रिसबद्दल लिहावं लागतं, आणि तिथं हात आखडतो. त्याचं नाव इद्रिस नाही. त्याच्या देशाचं नावही मी इथं देणार नाही. तो आफ्रिकेतला आहे आणि मी हे लिहिते आहे तेव्हा तिथल्या तुरुंगात आहे, एवढं वाचकांनी धरून चालावं. आम्ही एकदा त्याचं खरं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. पुन्हा नाही लिहिणार.

मनोहर काळवाघे सर आमच्या मेहकरच्या शाळेत भूगोल शिकवायचे, मी मराठी. दोघंही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावासाठी ते 'फळ्यावाले सर'च राहिले. बसस्टँडजवळ वाचनालयाची भिंत आहे, तिच्यावर सिमेंटचा मोठा काळा फळा. सरांनी त्याच्या मधोमध ऑइलपेंटनं एक पांढरी आडवी रेघ मारून घेतली होती. रेघेच्या वर गाव, रेघेच्या खाली जग. वर नळाला पाणी कधी येणार, कुठल्या भागाची लाइट जाणार, लोणारची कुठली गाडी रद्द झाली, सोयाबीन काय भावानं गेलं. खाली मात्र कुठल्या देशात कुणी फौज उतरवली, कुणी कुणाची नाकेबंदी केली, कुठली खाण कुणाच्या घशात गेली. लोक पाण्याची वेळ बघायला यायचे आणि वाचता वाचता खाली घसरायचे. त्यामुळे आमच्याकडे टपरीवर चहा पिणारा माणूस तालुक्याच्या नव्या तहसीलदाराचं नाव सांगू शकत नसे, पण पार लॅटिन अमेरिकेतल्या तांब्याच्या खाणी कुणाच्या हे बरोबर सांगायचा. सरांचा नियम एकच. लिहिलं ते दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी पुसायचं नाही, आणि दुसऱ्या सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचं ते त्यांनीच.

माझं आणि त्यांचं या रेघेखालच्या जगावरून कायम वाजायचं. स्टाफरूममध्ये आम्ही भांडायला लागलो की शिपाई चहा दारातच ठेवून जायचा. सरांचं म्हणणं असं, की मोठा देश लहान देशात 'तुमच्या भल्यासाठी आलो' म्हणून घुसतो, तेव्हा आधी त्याच्या पिशवीत काय आहे ते बघावं. उदाहरणं ते लांबची देत नसत. "निजाम काय देवमाणूस होता? नव्हता. रयतेले पिळून खात होता. मंग इंग्रज आला, म्हणे तुमच्या फौजेचा खर्च थकला, वऱ्हाड आमच्याकडे द्या, आम्ही नीट चालवतो. चालवला ना नीट! खामगावले रेल्वे आणली. कायले आणली? तुमच्या आजीले माहेरी न्यायले?" आणि मग स्वतःच उत्तर द्यायचे, "कापूस न्यायले आणली, बाई." कापसाच्या या गोष्टीवर त्यांचं अख्खं जग उभं होतं. आखातात युद्ध झालं तेव्हा टीव्हीवर तो हुकूमशहाचा पुतळा पाडताना दाखवत होते आणि आमचे तरुण शिक्षक टाळ्या वाजवत होते. सरांनी दुसऱ्या दिवशी रेघेखाली लिहिलं, 'पुतळा पडला. आता पुढे काय पडतं ते पाहू.' पुढे काय काय पडलं ते सगळ्यांनीच पाहिलं. सर बरोबर निघाले, आणि बरोबर निघाल्यामुळे जास्तच हट्टी झाले.

मी म्हणायचे, "सर, बाहेरच्याला शिव्या द्या, माझी ना नाही. पण जो घरातच बसून आपल्याच लोकांना कोंडतो, त्याच्याबद्दल तुमचा खडू का चालत नाही? मार खाणाऱ्याला काय, काठी देशी की विदेशी, सारखीच लागते." त्यावर ते चिडायचे नाहीत. चष्मा काढायचे, पुसायचे, आणि म्हणायचे, "लागते सारखीच. पण त्याच्या घरातलं भांडण मी चौकात लिहिलं ना, की उद्या विमान घेऊन जाणारा म्हणते, पाहा, हे मेहकरचे लोकसुद्धा म्हणतात जा म्हणून. माझा खडू त्याच्या सहीसाठी नाही." मला हे कधीच पटलं नाही. अजूनही अर्धंच पटतं. पण त्यांच्या या बोलण्यामागे एक जुनी जखम होती हे मला उशिरा कळलं. आणीबाणीत त्यांच्या वडिलांना पोलिसांनी उचलून नेलं होतं. वडील किराणा दुकानदार, गुन्हा एवढाच की दुकानात परदेशी रेडिओ मोठ्यानं लावायचे आणि इथं काय चाललंय ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. 'परकीय हात' हा शब्द तेव्हा रोज कानावर पडायचा. जो माणूस आयुष्यात अकोल्याच्या पुढे गेला नव्हता, त्याला परकीयांचा हस्तक ठरवून आत टाकलं. सुटून आले तेव्हा त्यांनी रेडिओ विकून टाकला आणि मरेपर्यंत कुणाशी राजकारणाचा एक शब्द बोलले नाहीत. सर हे सांगताना हसायचे, पण ते हसणं मला कधी आवडलं नाही.

इद्रिस आला तो सोयाबीनसाठी. अकोल्याला शेतीचं शिकत होता, आमच्या भागातल्या शेतांवर त्याचं काम होतं आणि त्याला मेहकरात खोली हवी होती. चौकातल्या कुणी द्यायला तयार नव्हतं, उगीच कशाला लचांड म्हणून. सरांनी वरची खोली दिली. वहिनी पहिल्या दिवशी जरा बिचकल्याच. "हा आपल्या घरचं खाईन काय?" असं मला येऊन विचारून गेल्या. तर हा बाबा वांग्याचं भरीत असं खायचा की वहिनी दुसरी भाकरी टाकतानाच तिसरीचं पीठ मळायच्या. गल्लीतल्या पोरांकडून त्यानं भाषा उचलली ती आधी बिघडलेलीच उचलली. एकदा शाळेच्या हेडमास्तरांना रस्त्यात 'काऊन बे, कुठं चालला?' असं अगदी प्रेमानं विचारलं. हेडमास्तर आठवडाभर सरांशी बोलत नव्हते. वहिनींना तो 'माय' म्हणायचा. त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, घर रिकामं होतं, आणि या लांबड्या मुलानं ते भरून टाकलं. सर आणि तो गच्चीवर पाय पसरून तासन् तास बोलत बसायचे, आणि माझ्याशी भांडायला सरांना वेळच मिळेना. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

तो इथं असतानाच त्याच्या देशात उलथापालथ झाली. एका तरुण फौजी अधिकाऱ्यानं सत्ता घेतली, परदेशी कंपन्यांना खाणीतून हाकललं, परदेशी फौजेचा तळ बंद केला. इद्रिस त्या दिवशी रडला. आनंदानं. म्हणाला, माझ्या आजोबांनी त्या खाणीत जीव दिला, आता ती आमची. सरांनी रेघेखाली रंगीत खडूनं त्या देशाचा झेंडा काढला, सुरेख काढला, आणि लिहिलं, 'आज एक देश खऱ्या अर्थानं स्वतंत्र झाला.' मी विचारलं, "सर, निवडणूक कधी घेणार म्हणतो हा?" ते म्हणाले, "बाई, एक दिवस तरी आनंद होऊ द्या." त्या मुलाकडे बघून मलाही बोलवेना.

शिक्षण संपवून तो परत गेला, तिथल्या शेतीखात्यात लागला, लग्न केलं. बायकोचं नाव मरियम म्हणू. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा, वहिनी स्वयंपाकघरातून ओरडून विचारायच्या, "काय जेवला?" आणि तो यादी सांगायचा. मग हळूहळू त्याचं बोलणं बदललं. आधी तो त्या फौजी अधिकाऱ्याबद्दल भरभरून बोलायचा, मग नुसतं 'चालू आहे' म्हणायला लागला, मग तो विषय निघाला की एकदम पावसावर यायचा. सर विचारायचे, "बाकी काय म्हणते तुमचं सरकार?" तो म्हणायचा, "पाऊस बरा आहे, सर." एकदा मी तिथं होते. स्पीकर लावलेला होता. सरांनी पुन्हा तेच विचारलं आणि पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोन कटला. मग इद्रिस आमच्या वऱ्हाडीत म्हणाला, "सर, इथं भिंती आयकून राह्यल्या." ... त्यानंतर सरांनी फोनवर पावसाशिवाय दुसरं काही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर ते खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "नवं राज्य हाय. स्थिर व्हायले वेळ लागते." पण आवाजात जोर नसायचा.

मग एके दिवशी मरियमचा फोन आला. इंग्रजीत, तुटक. खात्याच्या बैठकीत इद्रिसनं म्हटलं होतं की पीक बुडालं आहे, सरकार सांगतं तेवढं धान्य कोठारात नाही, लोकांना आत्ताच सांगा, नाहीतर उपासमार होईल. बस, एवढंच. बैठकीतून घरी आलाच नाही. घबराट पसरवली म्हणून आत टाकलं. मरियम रोज तुरुंगाच्या दारात डबा घेऊन जायची, कधी आत घेत, कधी परत देत. परत दिला की तिला वाटायचं, संपलं.

वहिनींनी त्या दिवसापासून भरीत करणं सोडलं. आणि सर... सरांची मोठी कोंडी झाली. कारण नेमक्या त्याच दिवसांत, ज्यांना खाणीतून हाकललं होतं त्या देशांनी सूर लावला होता की तिथली जनता त्रासात आहे, तिला सोडवायला हवं. समुद्रात जहाजं येऊन उभी होती. टीव्हीवर नकाशे दिसायला लागले, नकाशांवर बाण. सरांना ते बाण पाठ होते. आता इद्रिससाठी फळ्यावर लिहायचं म्हणजे त्या फौजी हुकूमशहाविरुद्ध लिहायचं, आणि त्याच्याविरुद्ध लिहायचं म्हणजे बाण काढणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. न लिहावं तर पोरगं आत सडतंय. कितीतरी दिवस ते चौकात जायचे, वरचं गाव लिहायचे आणि रेघेखाली काहीच न लिहिता परत यायचे. लोक विचारायला लागले, सर, जग बंद पडलं काय? मला त्यांची दया यायची आणि संतापही यायचा. जन्मभर जगाचा हिशेब मांडला आणि घरच्या माणसावर वेळ आल्यावर खडू अडला.

अखेर ही कोंडी फोडली ती वहिनींनी. मी बसलेली असतानाच. चौकातल्या फळ्याकडे आयुष्यात कधी ढुंकूनही न पाहिलेली ही बाई, सरांच्या शर्टाच्या खिशातून खडूची डबी काढून उभी राहिली. "तुमचं राजकारण तुम्हाले लखलाभ. पोट्टं आपलं हाय. तुम्ही नाही लिहत तर मी लिहतो. मले अक्षर येते." सरांनी डबी परत घेतली आणि म्हणाले, "मीच लिहतो. पण दोन्ही लिहीन."

आणि त्यांनी दोन्ही लिहिलं. मी स्वतः शेजारी उभी होते. आधी लिहिलं, 'मेहकरचा आमचा इद्रिस निर्दोष आहे. त्याला सोडा.' त्याचं खरं नाव, पूर्ण नाव, मराठीत आणि खाली इंग्रजीत. दुसरी ओळ, 'त्याला सोडवण्याच्या नावाखाली त्याच्या देशावर विमानं पाठवू नका. हेही अन्यायच.' हीसुद्धा दोन्ही भाषांत. दोन ओळी, एकीशिवाय दुसरी अपुरी. माझ्या मते सरांनी आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात खरं वाक्य. पण चूक झाली ती जागेची. जगात मेहकर सोडून दुसरीकडे कुठं अशी चूक होणार नाही, कारण अशी रेघ दुसरीकडे कुठं नाही. विमानांची ओळ सरांनी रेघेखाली लिहिली, जगात. आणि इद्रिसची ओळ लिहिली रेघेच्या वर, गावात. नळाच्या वेळेच्या शेजारी. मी म्हटलं सुद्धा, "सर, हे वर कसं?" ते म्हणाले, "तो काय परका हाय? गावातलाच हाय ना." त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता. हे ऐकून मला भरून आलं होतं. आज तेच आठवून अंगावर काटा येतो.

गावात इद्रिसवर लोकांचा जीव होता. सकाळपासून जो तो थांबून फोटो काढायला लागला. आणि फोटो कशाचा, तर वरच्या अर्ध्याचा. एक तर फळा मोठा, आणि खालच्या भागापुढे सायकली, फळांच्या गाड्या लागलेल्या असायच्या. शिवाय ज्याला इद्रिसचं वाईट वाटत होतं त्याला त्याचंच नाव हवं होतं. फोटो या फोनवरून त्या फोनवर गेला, अकोल्याला त्याच्या जुन्या वर्गमित्रांकडे गेला, तिथून कुठं कुठं गेला देव जाणे. सर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी गेले आणि नेहमीसारखा ओल्या फडक्यानं फळा पुसून टाकला. वर आणि खाली, दोन्ही.

मग तो फोटो आम्हाला टीव्हीवर दिसला. बाण काढणाऱ्या एका देशाच्या वाहिनीवर. आमचं वाचनालय, आमचा फळा, सरांचं देखणं अक्षर, आणि निवेदिका सांगत होती की भारतातल्या छोट्या गावातली सामान्य माणसंसुद्धा या जुलमी राजवटीविरुद्ध उभी राहिली आहेत, जगानं आता बघत बसू नये. खालची ओळ नव्हतीच. सर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच थांबले. म्हणाले, "खालचं दाखवा ना... खालचं कुठं गेलं?" टीव्हीला विचारत होते. वहिनींनी टीव्ही बंद केला. पण खरा घाव नंतर बसला. मरियमचा फोन आला. तोच फोटो, तसाच अर्धा, तिथल्या सरकारी वाहिनीवरही दाखवला होता. पाहा, म्हणे, या माणसाचं नाव परदेशातल्या एका गावाच्या सूचनाफलकावर आहे, पाण्याच्या वेळेसारखं. तो त्यांचा माणूस आहे. घबराटीचा आरोप मागे पडला, परकीयांचा हस्तक म्हणून नवा खटला उभा राहिला. या आरोपाला तिथं शिक्षा एकच, मृत्यूची. मरियम रडत नव्हती. तिनं फक्त विचारलं, "तुम्ही असं का लिहिलंत?" सरांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेले.

त्यानंतर एक साध्या कपड्यातला माणूस आमच्याकडेही, सरांच्या घरी, येऊन गेला. कोण, कुठला, ते त्यानं सांगितलं नाही. फळा कोण लिहितं, तो मुलगा इथं किती दिवस होता, कुणाकुणाला भेटायचा, असं सगळं फार सभ्यपणे विचारलं. वहिनींनी चहा ठेवला होता, त्यानं घेतला नाही. आमच्याकडे घरी आलेला माणूस चहाला नाही म्हणाला की समजायचं ते समजतात. जाताना सरांना म्हणाला, "वय झालं तुमचं. कशाला जगाच्या भानगडीत पडता?" वडिलांना नेलं तेव्हा त्या पोलिसानंही काहीसं असंच म्हटलं होतं, असं सर मला नंतर म्हणाले. त्या आठवड्यापासून चौकात लोक सरांना नमस्कार करायचे, पण थांबायचे नाहीत. सर वरचं गाव लिहीत राहिले. रेघेखालचा काळा भाग रोज तसाच कोरा.

मधेच एक आशा दिसली होती. तिथल्या वकिलानं मरियमला सांगितलं, की फळ्याचा पूर्ण फोटो मिळाला, खालच्या ओळीसकट, तर काही करता येईल. ज्यांनी त्याच्यासाठी लिहिलं ते विमानांच्या विरोधात होते एवढं दाखवता आलं तर हस्तक हा शब्द तरी पडेल. अहो, अख्खं मेहकर कामाला लागलं. कुसुमनं तिच्या जावयाचा फोन आणून दिला. वाचनालयात फोनचा ढीग पडला. बस थांबल्यावर खिडकीतून कुणी काढला असेल म्हणून सर स्टँडवर उभे राहून चिखलीच्या, वाशिमच्या गाडीतल्या लोकांना विचारायचे. एकाही फोटोत खालची ओळ सापडली नाही. कुठं सायकलचं हँडल, कुठं डाळिंबांचा ढीग, नाहीतर रेघेपाशीच फोटो संपलेला. मी म्हटलं, आपण लिहून देऊ, मी पाहिलंय, वहिनींना माहीत आहे, शंभर माणसं सह्या करतील. तर वकिलाचा निरोप आला, आता भारतातून काहीही पाठवू नका, कागदाचा कपटाही नको, त्यानं आरोप पक्का होईल. म्हणजे आमचं खरं बोलणंसुद्धा परकीय हात.

सरांना मी शेवटची भेटले ती त्यांच्या खोलीत. संध्याकाळ होती, ऊन उतरलं होतं, दिवा लावला नव्हता. मी म्हटलं, "सर, माझ्याशी भांडा जरा. किती दिवस झाले." हसले नाहीत. म्हणाले, "बाई, जन्मभर देशी काठीवर चूप राह्यलो, तर तो फौजी मोकळा सुटला. एक डाव बोललो, तर दोघायनं मिळून माझंच वाक्य कापून घेतलं. वरचं एकानं घेतलं, वरचंच दुसऱ्यानं घेतलं. खालचं कोणालेच नोको होतं. मंग आपल्यासारख्यानं बोलावं कसं?" मी आपलं बळेच म्हटलं, "तुम्ही दोन्ही लिहिलं होतं, मी साक्षीदार आहे." ते म्हणाले, "तुमच्या साक्षीनं पोट्टं सुटते काय?" मग मीच उठून दिवा लावला आणि निघाले. चार-पाच दिवसांनी झोपेतच गेले. डॉक्टर हृदय म्हणाले.

सरांचा मला राग येतो, हे मी त्यांच्या तेराव्यालाही वहिनींना बोलून दाखवलं. इतकं जग वाचलं आणि एवढं कळू नये की जग आपल्या रेघा पाळत नाही. आणि त्याच तोंडानं हेही सांगते, की त्या मुलाला 'गावातलाच' म्हणून वर लिहिणारा माणूस मला पुन्हा भेटणार नाही. दोन्ही खरं आहे. मला यातलं एकच धरून बसता येत नाही.

हा लेख मी परवा इथंच संपवला होता. काल दुपारी वहिनींनी बोलावून घेतलं म्हणून गेले. सरांच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि वहिनी पलंगाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. नकाशावरचे बाण आता हलत होते. समुद्रावरून विमानं उडाली होती, पहिला हल्ला राजधानीवर झाला होता, आणि तिथल्या जनतेच्या मुक्तीसाठी हे आवश्यक होतं असं कुणीतरी कोट घातलेला माणूस सांगत होता. मरियमचा फोन लागत नव्हता. मी वहिनींच्या शेजारी बसले. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून त्यांनी मला विचारलं, "राजधानी म्हणजे तेच ना, मरियम जिथं डबा घेऊन जाते?" मी हो म्हटलं. त्यांनी पडद्यावरच्या धुराकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बाई, तुरुंगाले तळघर असते काय हो?"

तुरुंगाला तळघर असलं तर ते बॉम्बपासून वाचवायला नसतं, माणसं छळायला असतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "असते, वहिनी."